पालथी पत्रावळ

एक गाव होते आणि त्या गावाला आपल्या न्यायाचा भारी अभिमान होता. तिथे कोणाला फटके मारत नसत. कोणाला कोठडीत टाकत नसत. ज्याने गुन्हा केला त्याने गावाला जेवण घालायचे. गाव जेवले की गुन्हा फिटला.

शिक्षा ठरलेल्या होत्या. कोणाची कोंबडी उचलली तर शिरा. कोणाच्या गंजीतून कडबा ओढला तर बुंदी. भांडणात डोके फुटले तर लाडू. जनावर मेले तर पुरणपोळी, वर तूप, आणि तळलेल्या कुरडया. गुन्हेगाराने स्वतः वाढायचे, कमरेत वाकून वाढायचे, आणि शेवटचा माणूस हात धुऊन उठेपर्यंत घास तोंडात घालायचा नाही. मग पाटील म्हणत, "फिटलं." आणि लोक ढेकर देत घरी जात.

गावात गूळ शिजल्याचा वास आला की लोक एकमेकांना विचारत, "कोण सापडला?" कोणाचे काय गेले, हे कोणी विचारत नसे. ज्याचे गेले त्यालाही पंगतीत एक पान मिळे. इतरांना मिळे तसेच. त्याने ते खावे आणि गप्प बसावे.

एक नियम मात्र फार जुना होता. पंगतीतले प्रत्येक पान जेवून उठले पाहिजे. एकाने जरी पत्रावळ पालथी घातली तरी दंड फिटला नाही असे समजायचे. हा नियम कोणी केला ते कोणाला आठवत नव्हते. तो वापरलेला कोणी पाहिला नव्हता. समोर आलेले फुकटचे जेवण टाकतो कोण?

त्या गावात भिवरा नावाची एक बाई होती. नवरा वारल्यावर तेलाचा घाणा तीच चालवत होती. मूलबाळ नव्हते. तिच्याजवळ एक लाकडी घाणा होता आणि खैऱ्या नावाचा एक बैल. डोळ्यांवर झापडे बांधली की खैऱ्या घाण्याभोवती फिरू लागे. डाव्या हाताला वळत, पुन्हा डाव्या हाताला वळत, अशी नऊ वर्षे. करडईचे तेल गळे. त्या तेलावर साऱ्या गावाच्या भाजीला फोडणी बसे आणि देवळात दिवा लागे. भिवरा फार बोलत नसे. जे बोलायचे ते ती बैलाशी बोले.

त्याच गावात सटवा नावाचा गाडीवान होता. त्याच्याकडे एक गाडी होती आणि बैलही एकच. गाडीला बैल दोन लागतात, हे लहान पोरालाही ठाऊक असते. याचा दुसरा बैल कुठे गेला, असे मात्र गावात कोणी कधी म्हटले नाही.

एके दिवशी दुपारी भिवरा धुणे घेऊन नदीवर गेली. खैऱ्या लिंबाखाली रवंथ करत बसला होता. सटव्याने त्याला सोडले आणि आपल्या बैलाशेजारी गाडीला जुंपले. झापडांशिवाय खैऱ्या पाऊल उचलेना, म्हणून खुंटीवरची झापडेही आणून बांधली. गाडीत मिरचीची पोती होती, ती बाजारात पोचवायची होती. संध्याकाळच्या आत बैल जागेवर आणून बांधायचा, असे त्याने मनाशी ठरवले होते. न विचारता दुसऱ्याची वस्तू नेणारा प्रत्येक जण असेच काही ठरवतो.

सरळ रस्त्यावर खैऱ्या नीट चालला, कारण शेजारचा बैल त्याला ओढून नेत होता. पुढे ओढ्याचा उतार लागला. तिथे रस्ता उजवीकडे वळतो. खैऱ्या डावीकडे वळला. नऊ वर्षे त्याने दुसरे केले काय होते? सटव्याने कासरा ओढला, ओरडला. गाडी कडेवरून खाली गेली. जू मोडले म्हणून सटव्याचा बैल वाचला. खैऱ्या दगडांवर पडला तो उठला नाही.

खैऱ्याने मान टाकल्यावर सटव्याने त्याची झापडे सोडली, कमरेला खोचली, आणि आपला बैल धरून तो आडवाटेने घरी आला. कोणाला एक शब्द बोलला नाही.

भिवरा परत आली तर खुंटा रिकामा. तिने हातात पेंडीचा गोळा घेतला आणि दिवेलागणीपर्यंत गावभर हाका मारत फिरली. "खैऱ्या, ये रे. ये, बाबा." सटव्याच्या दारावरूनही ती हाक मारत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरली. वाटेत सटवा भेटला, त्याला तिने विचारले, "माझा बैल दिसला का रे तुला?"

"नाही, मावशी," सटवा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी गुराख्यांना ओढ्यावर गिधाडे दिसली. खाली मोडकी गाडी पडली होती. गाडी कोणाची ते सगळ्यांना माहीत होते.

चावडीवर पंच बसले. मधे दाजीबा पाटील. त्यांच्या शेजारी केरबा. केरबाला पंच होऊन वीस वर्षे झाली होती आणि वीस वर्षांत त्याने एकही पंगत चुकवली नव्हती. भिवरा मागे, बायकांत उभी होती. ज्याचे नुकसान झाले त्याने चावडीवर बोलायचे नाही, त्याच्या वतीने पंच बोलतात, अशी तिथली रीत.

पाटलांनी विचारले, "सटवा, बैल तू नेलास?"

"नेला."

"मेला?"

"मेला."

"झालं तर. जनावर मेलं म्हणजे पुरणपोळी," केरबा म्हणाला. "तूप गाईचं पाहिजे. मागच्या खेपेला म्हशीचं होतं, ते घशाला बसलं."

एवढाच न्याय. पान लावून तोंडात टाकायलाही याहून जास्त वेळ लागतो.

मागून भिवरा म्हणाली, "पाटील, मला त्याला एक विचारायचं आहे."

"बाई, पंचांनी विचारलं ना? आता काय राहिलं?" पाटील म्हणाले. "तुला न्याय मिळाला. घरी जा."

ती घरी गेली. अंगणात घाणा उभा होता. शेजारी पेंड वाळत पडली होती. ती कोणाला घालायची, हे पंचांनी सांगितले नव्हते.

डाळ-गूळ आणायला सटव्याजवळ काही नव्हते. उरलेला बैल तेवढा होता. गावच्या वाण्याने सांगितले, "डाळ, गूळ, तूप मी देतो. पंगत उठली की बैल माझ्या दावणीला." पंचांनी माना हलवल्या. त्यात वावगे काही आहे असे एकालाही वाटले नाही.

जेवणाच्या आदल्या दिवशी केरबा भिवराच्या दारात येऊन उभा राहिला.

"भिवरे, कुरडया तळायला तेल पाहिजे."

"घाणा बंद आहे."

"घरात शिल्लक असेल की."

"एक घागर आहे. देवळाच्या दिव्याची आणि माझ्या पोटाची."

"मग तीच दे. गावाचं काम आहे. तुझ्याच न्यायाचं जेवण आणि तूच अडून बसलीस तर कसं व्हायचं?"

भिवराने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. त्याच्या तोंडावर लाजेचा लवलेश नव्हता. तो खरोखरच तेल मागत होता. मग ती आत गेली आणि घागर आणून दिली.

केरबाने ती हलवून पाहिली. "अर्धीच आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी देवळापुढे पंगत बसली. चावडीसमोर सटव्याचा बैल बांधला होता. वाण्याने त्याच्या शिंगाला आधीच आपला दोरा बांधून ठेवला होता. सटवा कमरेत वाकून पोळ्या वाढत होता. लोकांची थट्टा चालली होती.

"सटवा, तुझ्या हाताला चव आहे. अधूनमधून काहीतरी करत जा."

"पुढच्या वेळी घोडा मार. घोड्याला काय असतं हो, केरबा?"

"घोडा कोणी मारलाच नाही अजून," केरबा म्हणाला. "मारला की बघू."

सगळे हसले. सटवाही हसला. गुन्हेगाराने पंगतीत तोंड पाडून राहू नये, वाढताना बरे दिसत नाही, अशीही तिथली रीत होती.

भिवराच्या पानावर दोन पोळ्या आल्या, आमटी आली, आणि तिच्याच तेलात तळलेली कुरडई आली. पाटील म्हणाले, "करा सुरुवात." सगळ्यांचे हात पानाकडे गेले.

भिवराने आपल्या पोळ्या उचलून शेजारणीच्या पानावर ठेवल्या. कुरडई ठेवली. आमटीचा द्रोण बाजूला सारला. अन्न टाकायची तिला सवय नव्हती. मग तिने रिकामी पत्रावळ उचलली आणि पालथी घातली.

"अगं बाई, हे काय केलंस?" शेजारीण म्हणाली.

शब्द पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. हात थांबले. केरबाच्या तोंडात घास होता. तो त्याला गिळता येईना आणि थुंकताही येईना.

पाटील उठून आले. "भिवरे, हे काय आहे?"

"नियम आहे, पाटील. गावाचाच आहे."

"नियम आहे, मान्य. पण तो वापरायचा असतो का?"

केरबाने घास कसाबसा गालात सारला. "कमी काय पडलं तुला? तूप गाईचंच आहे, मी स्वतः चाखून घेतलंय. श्रीखंड पाहिजे होतं का?"

"मला बैल पाहिजे होता," भिवरा म्हणाली.

पंगतीत कुजबुज सुरू झाली. कोणीतरी मागून म्हणाले, "मेलेला बैल पंच कुठून आणणार?" दुसरा म्हणाला, "पोळ्या निवताहेत, बाई." तिसरा म्हणाला, "एका बैलासाठी सबंध गावाला उपाशी ठेवते."

आता याला काय म्हणावे? ज्याने बैल मारला त्याच्यावर त्या पंगतीत कोणीच चिडले नव्हते. त्याच्या हातची पोळी गोड लागत होती. चिडले ते जिचा बैल मेला तिच्यावर.

भिवरा बसल्या जागेवरून म्हणाली, "चावडीवर मला बोलू दिलं नाहीत. आता पोळ्या निवेपर्यंत तरी बोलू द्या." आणि ती सटव्याकडे वळली. तो पोळ्यांची टोपली घेऊन तसाच वाकून उभा होता.

"सरळ उभा राहा," ती म्हणाली. तो सरळ झाला.

"सटवा, मी हाका मारत तुझ्या दारावरून गेले, तेव्हा तू कुठे होतास?"

"मावशी, चुकलो. पंचांनी सांगितलं ते सगळं मी..."

"ते पंचांचं. मी विचारलं ते सांग."

सटव्याने टोपली खाली ठेवली. "घरातच होतो. गोठ्यात."

"काय करत होतास?"

"कानांवर हात ठेवून बसलो होतो."

"कधीपर्यंत?"

"तू वेशीकडे जाईपर्यंत."

"आणि दुसऱ्या दिवशी मी तोंडावर विचारलं तेव्हा?"

"खोटं बोललो."

भिवराने मग विचारले, "तो लगेच गेला का रे?"

"नाही, मावशी. सूर्य कलेपर्यंत होता. मी ओंजळीनं पाणी पाजलं. दोनदा प्यायला. तिसऱ्यांदा प्यायला नाही." सटव्याने कमरेची झापडे काढली आणि तिच्यापुढे ठेवली. "ही त्याची. कुठे ठेवावी ते कळेना, म्हणून जवळच ठेवली."

भिवराने झापडे हातात घेतली. एवढेच तिला हवे होते. आपले जनावर कसे गेले, त्याच्याजवळ कोणी होते की नव्हते, हे तिला कळायला हवे होते. चावडीवर चार शब्दांत जे झाले असते त्यासाठी तिला सबंध गावाची पंगत अडवावी लागली.

"मागितला का नाहीस?" तिने विचारले.

"मागून झालं होतं, मावशी. चार घरी सावड मागितली. म्हटलं, एक बैल माझा, एक तुमचा, आळीपाळीनं दोघांचं काम करू. चौघंही म्हणाले, चोराशी सावड नको. मग तुझ्या दारात यायचा धीर झाला नाही."

"तुझा दुसरा बैल कुठे आहे?"

सटव्याने पंगतीवरून नजर फिरवली आणि खाली पाहिले. "गेल्या वर्षी गाडी आणताना वाटेत बैल भुकेले होते. एका गंजीतून कडब्याची पेंढी ओढली. पंचांनी बुंदी सांगितली. बैल बुंदीत गेला."

भिवरा उठून उभी राहिली. एरवी चार शब्द न बोलणारी बाई. त्या दिवशी तिने वर्षाचे बोलून घेतले.

"एका पेंढीपायी याचा एक बैल तुम्ही खाल्लात. हात धुतलेत आणि फिटलं म्हणालात. फिटलं म्हटल्यावर चौघांनी याला चोर म्हणून दारातून घालवलं. मग फिटलं काय होतं? आज याचा दुसरा बैल तुमच्या पानात आहे. उद्या याच्याकडे एकही नसेल. परवा हा कोणाचा सोडून नेईल तेही आत्ताच सांगून ठेवा. तो बिचारा खुंटा तरी पक्का करील."

केरबाने एकदाचा घास गिळला. "म्हणजे आता गुन्हेगार आम्ही?"

"गुन्हेगार हाच आहे, केरबादादा. यानं माझा बैल न विचारता नेला. मेला ते लपवलं. माझ्या तोंडावर खोटं बोलला. ते मी विसरायची नाही. पण यानं नेलं माझं आणि हा भरतोय तुमचं. हे कसं, ते मला समजावून सांगा. मी अडाणी आहे."

कोणी समजावून सांगितले नाही. शिकलेलेही होते पंगतीत.

दाजीबा पाटील वाईट माणूस नव्हता. आळशी होता. बाप करत आला तसा न्याय करायचा, त्यात डोके चालवावे लागत नाही. आता लागणार होते, म्हणून तो वैतागला होता. "भिवरा, तुझं पान कशानं सुलटं होईल ते सांग. ऊन चढतंय."

"हा बैल वाण्याकडे जाणार नाही. माझ्या घाण्याला येईल. सटवाही येईल. रोज सकाळी तो घाणा चालवील, माझ्याकडे दुसरा बैल येईपर्यंत. दुपारनंतर बैल त्याचा आणि तोही मोकळा. त्याची गाडी सुतारानं नीट करावी, सध्या एका बैलाला जुंपता येईल अशी, त्याची मजुरी मी तेलात देईन. गाडी नसली तर हा खाईल काय?"

"आणि माझी डाळ? माझं तूप?" वाणी ओरडला.

"ज्यानं खाल्लं त्यानं भरावं. घरटी सूपभर ज्वारी वाण्याकडे टाका."

एकच गलका झाला. "गुन्हा यानं केला आणि ज्वारी आम्ही द्यायची?"

"मग पोळी खाली ठेवा," भिवरा म्हणाली.

लोकांनी आपापल्या पानांकडे पाहिले. बहुतेकांचा एक घास झाला होता. काहींची एक पोळी झाली होती. केरबाच्या पानावर तर नुसते तूप उरले होते. खाल्लेले खाली ठेवता येत नाही. आणि उरलेले सोडवत नव्हते.

पाटलांनी सटव्याला विचारले, "तुला कबूल आहे का?" त्या गावात गुन्हेगाराला असे कोणी पहिल्यांदाच विचारले होते.

"कबूल," तो म्हणाला.

"मला नको सांगू. तिला सांग."

सटवा भिवराकडे वळला. "मावशी, खैऱ्या माझ्यामुळे मेला. मी येईन."

गाव तयार झाले. शहाणपणाने नव्हे, पोळ्या निवत होत्या म्हणून. तरी झाले, एवढे पुरे. भिवराने पत्रावळ सुलटी केली. शेजारणीने तिची एक पोळी परत दिली. दुसरी तोवर संपली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सटवा बैल घेऊन घाण्यावर आला. पण तो गाडीचा बैल. त्याला सरळ चालणे माहीत. घाण्याला जुंपल्याबरोबर तो लाट, म्हणजे घाण्याचे आडवे लाकूड, ओढत थेट फाटकाकडे निघाला. पाण्याचा रांजण फुटला. खैऱ्याला सरळ जाता येत नव्हते आणि याला वळता येत नव्हते. शेवटी सटव्याने वेसण धरली आणि तो स्वतः बैलापुढे चालू लागला. गोल, गोल, सकाळभर. बैल शिकेपर्यंत त्याला असेच चालायचे होते, आणि बैलाला घाई नव्हती.

लोक कुंपणापाशी येऊन उभे राहू लागले. रिकामटेकड्यांना काय, नवे काही तरी पाहिजेच असते. केरबाही आला. "सटवा, तुलाही झापडं बांधू का रे?" त्याने विचारले.

"तुम्हाला बांधायला नकोत, केरबादादा," भिवरा आतून म्हणाली. "तुम्हाला तसंही दिसत नाही."

चौथ्या दिवशी सटवा आला नाही. भिवरा त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. "सटवा," तिने एकच हाक मारली. तो बाहेर आला.

"मावशी, लोक हसतात. त्यापेक्षा फटके परवडले असते."

"परवडले असतेच. फटके एका दिवसात संपतात," ती म्हणाली. "लोक हसतात, मी हसते का?"

"नाही."

"मग चल. करडई भरून ठेवली आहे."

तो गेला. पुन्हा चुकला नाही. फिरताना दोघे फारसे बोलत नसत. कधी ती खैऱ्याच्या गोष्टी सांगे, त्याला पेंड कशी आवडे, तो कोणावर रुसे. सटवा ऐके. ते ऐकणे त्याला चालण्यापेक्षा जड जाई. पण ते त्याच्याच वाट्याचे होते, दुसऱ्या कोणी ते ऐकून भागले नसते. दीड महिन्याने बैल आपला आपण वळू लागला. पहिली घागर भरली तेव्हा भिवराने देवळात दिवा लावला आणि एक तांब्या तेल सटव्याच्या घरी पाठवले.

वर्षभराने तिने एक गोऱ्हा घेतला. सटव्यानेच तो पारखून आणला आणि घाण्याला शिकवला. ज्या दिवशी गोऱ्हा एकटा फिरू लागला त्या दिवशी सटवा हात जोडून म्हणाला, "मावशी, आता माझा बैल नेऊ?"

"ने. आणि दुपारी हाही ने," ती म्हणाली. "सावड. आठवड्यातून एकदा माझी करडई बाजारातून आणून दे, म्हणजे झालं. पण उतारावर खाली उतरून याच्यापुढे चाल. हा डावीकडे वळतो."

भिवराचा बैल सटव्याच्या गाडीला पाहिल्यावर नकार देणारी चार घरे एकेक करून सटव्याकडे आली. जिचा बैल मेला ती देते, मग आपण कोण नाही म्हणणारे? हे त्यांना दोन वर्षांपूर्वीच सुचायला हरकत नव्हती.

पुढे गावात कोणाची तरी शेळी चोरीला गेली. चोर सापडला. पंच बसले. केरबाने तोंड उघडले, "शेळी म्हणजे तशी लहान, पण जनावरच. तेव्हा पुरण..." एवढ्यात शेळीचा मालक पुढे आला. तो एक म्हातारा होता. त्याने घरूनच पत्रावळ आणली होती. ती त्याने पाटलांसमोर पालथी ठेवली आणि वर हात ठेवून बसला.

दाजीबा पाटलांनी कपाळाला हात लावला. "आता जो तो पान पालथं घालायला लागला तर गावात जेवण व्हायचं कसं?" ते म्हणाले. मग त्यांनी उसासा टाकला, म्हाताऱ्याला पुढे बसवून घेतले आणि चोरालाही बसवले. "बोल बाबा. तुझं काय गेलं, आणि तुला काय पाहिजे?"

त्या दिवसापासून चावडीवर हा प्रश्न पहिला विचारला जाऊ लागला. केरबा तेवढा वाळला. त्याला घरचे जेवण मानवत नव्हते.

एका संध्याकाळी भिवराच्या गोऱ्ह्याने दावे तोडले आणि तो माळाकडे पळाला. ती पेंडीचा गोळा घेऊन रस्त्यावर आली आणि तिने हाक मारली. सटवा नुकताच जेवायला बसला होता. ती दुसरी हाक मारायच्या आत, खरकट्या हाताने, तो तिच्याही पुढे माळाकडे धावत होता.

तात्पर्य: ज्याचे गेले त्याला आधी विचारावे. ज्याने नेले त्याने त्यालाच भरून द्यावे, आणि त्याच्या तोंडावर खरे बोलावे. मात्र नेणाऱ्याजवळ इतके ठेवावे की त्याला पुन्हा न्यावे लागणार नाही. बाकीच्यांचे पोट भरले म्हणजे न्याय झाला असे समजू नये. हे कळायला पुरणपोळी लागत नाही.